बॅटरीवरचा पायाळू

पहिल्या संध्याकाळी यंत्र जे ओरडायला लागलं ते थांबेचना. आमच्या नागावच्या वाडीत विहिरीपासून गोठ्यापर्यंत जेमतेम पंधरा पावलं. तेवढ्यात त्यानं निदान चाळीस वेळा हाक दिली, आणि दर हाकेला मी खुरपं घेऊन खाली बसलो. पहिला खिळा निघाला, दुसरा खिळा निघाला, मग पत्र्याचा त्रिकोणी तुकडा, मग पत्रा आवळायचा वाकडा हूक, मग परत खिळा. सातव्या-आठव्या खिळ्याला उलगडा झाला. हा सगळा ३ जून २०२० चा माल. त्या दुपारी निसर्ग वादळ खाली श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि इकडे आमच्या गोठ्याचे पत्रे शेजारच्या पोफळींत जाऊन अडकले. दिसलं तेवढं आम्ही तेव्हाच उचललं होतं. न दिसलेल्याचा हिशेब आता हे यंत्र मांडत होतं.

ही ओटीवरून बघत होती. म्हणाली, "त्याला सोनंबिनं कळतं का, की नुसतं भंगारच?"

यंत्र भाच्याचं. पुण्यात त्यानं हौसेनं घेतलं, दोन रविवार फिरवलं आणि तिसऱ्या रविवारी माझ्या हातात दिलं. "मामा, तुझ्याकडे वेळ आहे, तू शीक." त्याच्या दोन रविवारांत नेमकं काय चुकलं ते मला पुढच्या चार महिन्यांत कळलं. त्यानं यंत्र विकत घेतलं होतं, ऐकणं घेतलं नव्हतं.

आमच्या लहानपणी गावात पायाळू माणसाला भाव होता. आईच्या पोटातून पायाकडून जन्मलेला, त्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की जमिनीतलं धन त्याला दिसतं, असा समज. त्या समजापायी महाराष्ट्रात किती खड्डे खणले गेले आणि किती अघोरी प्रकार झाले, ते वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला सांगायला नको. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अमानुष कृत्यांना मुद्दाम जागा द्यावी लागली. मेटल डिटेक्टर हातात घेतलेल्या नवख्या माणसाच्या मनात नेमका हाच पायाळू बसलेला असतो, फक्त बॅटरीवर चालणारा. त्याला वाटतं, यंत्राला दिसतं. यंत्राला काही दिसत नाही. ते एक प्रश्न विचारतं आणि आलेल्या उत्तराचा आवाज करतं. उत्तराचा अर्थ आपण लावायचा.

प्रश्न कसा विचारतं ते थोडक्यात सांगतो. दांडीच्या टोकाला थाळी असते. तिच्यात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी. एका वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा पालटणारी वीज वाहते आणि तिच्याभोवती तसंच पालटतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. जवळ धातू असला की त्या धातूच्या अंगात विजेचे छोटे भोवरे फिरू लागतात. हे भोवरे आपलं स्वतःचं क्षीण क्षेत्र उभं करतात आणि दुसरं वेटोळं ते टिपतं. फॅराडेनं १८३१ मध्ये शोधलेल्या तत्त्वाचाच हा विस्तार. गंमत उत्तराच्या उशिरात आहे. तांबं-चांदी उत्तर द्यायला एक प्रकारे रेंगाळतात, ॲल्युमिनियमचा पातळ कागद लवकर मोकळा होतो, लोखंडाची तऱ्हाच वेगळी. या उशिरावरून यंत्र धातूचा अंदाज करतं आणि आवाजाची पट्टी ठरवतं. अंदाज, बरं का. निकाल नव्हे.

या अंदाजाची पहिली मोठी फजिती थेट अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पलंगापाशी झाली. २ जुलै १८८१ ला जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी शरीरात कुठे अडकली हे डॉक्टरांना सापडेना. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल धातू ओळखणारं यंत्र घेऊन धावले. आधी तालीम केलेली, यंत्र चोख चालत होतं. पण आजाऱ्याच्या अंगावरून फिरवताच जिकडेतिकडे वाजायला लागलं. गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय मुख्य डॉक्टरांना गोळी उजव्या बाजूला आहे अशी खात्री, म्हणून त्यांनी तेवढ्याच बाजूला यंत्र फिरवू दिलं; ती निघाली डावीकडे. गारफील्ड १९ सप्टेंबरला गेले. माझ्या गोठ्याजवळच्या चाळीस हाका आणि त्या गादीच्या स्प्रिंगा यांत मला फारसा फरक दिसत नाही. यंत्र फिरवण्याआधी अंथरूण तपासावं.

अलिबागकराला ही गोष्ट नवी वाटू नये. आपल्या गावात एक संस्था शंभरावर वर्षं याच एका पथ्यावर उभी आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेलं प्रचंड चुंबकीय वादळ तिथल्या नोंदीत सापडतं, आणि जगभरचे अभ्यासक आजही ती नोंद काढून बघतात. पुढे मुंबईची घोड्यांची ट्राम विजेवर न्यायचं ठरलं. रुळांतून वीज वाहू लागली की नाजूक मापं बिघडणार हे तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं आणि बिऱ्हाड हलवायला जागा शोधली ती अलिबागला. १९०४ मध्ये इथली चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. इमारत बांधताना चुंबकाला न भुलवणारा दगड निवडून आणला, लोखंड वर्ज्य. जिथे धातू लागला तिथे तांबं-पितळ. मला सगळ्यांत आवडतो तो पुढचा भाग. अलिबाग सुरू झालं म्हणून कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे नोंदी घेतल्या, ताडून पाहिल्या, नव्या जागेची जुन्याशी सांगड बसली आणि मगच कुलाब्याचं चुंबकीय काम थांबवलं. नव्या यंत्राशी असंच वागावं. आमचा भाचा दोन रविवारांत कंटाळला. मूससाहेबांनी दोन वर्षं दिली.

मी दोन वर्षं दिली नाहीत, पण एक वाफा दिला. वाडीच्या कोपऱ्यात खाटेएवढी जागा यंत्रानं आणि खुरप्यानं पार निर्मळ केली. यातच तीन दिवस गेले. मग तिथे वस्तू पुरल्या: एक लोखंडी खिळा, सोडावॉटरच्या बाटलीचं बूच, चॉकलेटच्या चांदीची गोळी, हिची जुनी पितळेची अंगठी, तांब्याची पळी, एक रुपया, पाच रुपये. काही चार बोटं खोल, काही वीतभर. प्रत्येकाशेजारी आइस्क्रीमची काडी रोवली आणि वहीत नकाशा काढला. रोज संध्याकाळी अर्धा तास त्या वाफ्यावरून थाळी फिरवायची, आधी काड्या बघून, मग न बघता.

माझ्या यंत्रात तीन पट्ट्या आहेत. मी त्यांना मंद्र, मध्य, तार म्हणतो. पुस्तिकेच्या मते मंद्रात लोखंड, मध्यात चांदीचा कागद, बुचं आणि सोन्याच्या बारीक वस्तू, तारेत तांबं, चांदी, मोठी नाणी. पहिल्या आठवड्यात मला फक्त स्वर कळत होते. तिसऱ्या आठवड्यात स्वराची कड ऐकू यायला लागली. पितळेच्या अंगठीचा आवाज गोल येतो, डावीकडून जा की उजवीकडून, तोच. खिळ्याचा एका बाजूनं स्वच्छ येतो आणि नव्वद अंशांत वळून परत फिरवला की चिरफळतो. गंजका पत्रा कधीकधी तारेत गातो, पण फार पसरट गातो. थाळी हातभर सरकवली तरी गातच असतो. एवढं लांबरुंद नाणं टांकसाळीत पाडत नाहीत. तंबोरा लावणाऱ्याला जव्हारीतला फरक ऐकू येतो, तो काही पहिल्या बैठकीत येत नाही. हेडफोन लावल्याशिवाय तर नाहीच; समुद्राच्या गाजेत अर्धे आवाज बुडतात.

हाताच्या खोडीही वाफ्यानंच काढल्या. आपण केरसुणी मारल्यासारखी थाळी झुलवतो, टोकाला ती वर उचलली जाते आणि तिथली खोली हातची जाते. थाळी जमिनीला समांतर राहिली पाहिजे, आधीचा पट्टा निम्मा झाकत पुढे सरकली पाहिजे, आणि सावकाश. वीतभर खोलीवरचं नाणं म्हणजे माझ्या यंत्राची शर्थ. "दहा फुटांवरचं धन दाखवतं" अशा जाहिराती दिसतात, त्यांनी नाण्याएवढी वस्तू एकदा दहा फुटांवरून दाखवावी.

एका रुपयानं मात्र मला आठवडाभर छळलं. परदेशी पुस्तिका सांगते, नाणं म्हणजे वरचा स्वर, खालचा स्वर म्हणजे लोखंड, तो गाळून टाका. आपला रुपया १९९२ पासून फेरिटिक स्टेनलेस स्टीलचा आहे, म्हणजे चुंबकाला चिकटणारा, लोखंडाच्या घराण्यातला. तो कधी खर्जात घुमतो, कधी मधेच वर उडी मारतो. लोखंड गाळायचं बटण दाबलं की खिळ्यांबरोबर भारत सरकारचा रुपयाही गायब. उलट १९७०-८० च्या दशकांतली दहा-वीस पैशांची ॲल्युमिनियमची हलकी नाणी, ज्यांना आता कुणी विचारत नाही, ती ठणठणीत वाजतात. म्हणून नवख्यानं पहिले काही महिने काही गाळू नये, सगळं ऐकावं, सगळं उकरावं आणि उकरण्याआधी वहीत लिहावं: काय असेल? माझ्या पहिल्या शंभर खड्ड्यांत अंदाज बरोबर आला तो एकवीस वेळा. दुसऱ्या शंभरांत त्रेपन्न.

वाडीत शिकलेलं घेऊन वाळूत उतरलो तर पहिल्या दिवशी पुन्हा पहिली यत्ता. कोरड्या वाळूत यंत्र शहाण्यासारखं वागलं. ओल्या वाळूत पाय ठेवला आणि कुणी फोडणी टाकावी तसं चरचरायला लागलं. खारं पाणी वीज वाहून नेतं, म्हणजे थाळीच्या दृष्टीनं भिजलेला किनारा हाच एक भलामोठा पातळ धातू. त्यात आपला किनारा काळ्या दगडाचा. बेसॉल्ट झिजून त्यातली लोहखनिजाची बारीक काळी रेती लाटांनी पट्ट्यापट्ट्यांत लावलेली असते. वाडीतल्या जांभ्याच्या मातीतही लोह आहेच. यावर उपाय म्हणजे यंत्राची जमिनीशी ओळख करून देणं. थाळी जमिनीपासून वर-खाली, वर-खाली हलवायची आणि नुसत्या जमिनीचा आवाज जाईपर्यंत बटण जुळवायचं. त्यातूनही चरचर राहिली तर संवेदनशीलता कमी करायची. हे फार जड जातं. पैसे मोजून घेतलेली ताकद आपल्याच हातानं उतरवायची म्हणजे काय! पण कमी ताकदीवर गप्प बसलेलं यंत्र पूर्ण ताकदीवर बडबडणाऱ्यापेक्षा जास्त सांगतं. ओल्या, खाऱ्या वाळूसाठी पल्स इंडक्शन नावाची वेगळी जात असते. ती विजेचे ठोके देते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत कान लावते. मिठाला ती भुलत नाही, पण धातूधातूंत फरक करणं तिला फारसं जमत नाही. दोन्ही हवं म्हटलं तर खिसा मोठा हवा.

वेळ पंचांगातून काढायची. किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणनं गुणावं, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण चपला घालायला तेवढं पुरतं. पुनव-अवसेच्या उधाणात पाणी सर्वांत लांब जातं आणि एरवी न दिसणारा पट्टा उघडा पडतो. अष्टमीच्या भांगाला जाऊन काही हशील नाही. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात आणि दिवाळीपर्यंत हळूहळू परत आणून टाकतात. जड वस्तू त्या खरवडलेल्या थरावर बसलेल्या असतात, म्हणून गणपती ते दसरा हा हंगाम. ओहोटीला शिंपल्या काढणाऱ्या बायका याच वेळी उतरतात. वाळूवरच्या बारीकशा भोकावरून खाली शिंपली आहे हे त्यांना चालता चालता कळतं. त्यांच्या टोपल्या भरत होत्या तेव्हा माझ्या पिशवीत बुचं होती.

आता जे सांगायचं आहे ते यंत्राच्या पुस्तिकेत नसतं, आणि रायगडच्या किनाऱ्यावर ते आधी वाचायला हवं.

१७ नोव्हेंबर १९९७ ला दिवेआगरमध्ये एका बाईंच्या नारळी-पोफळीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली. आत गणपतीचा सोन्याचा मुखवटा, किलोहून जास्त वजनाचा, आणि दागिने. कुठलंही यंत्र नव्हतं. ठरवून आळं खणलं तर पोफळीला पाणी मिळतं, न ठरवता हे मिळालं. मुखवटा गावच्या देवळात राहिला, दिवेआगरचं रूप पालटलं, घरोघरी पाहुण्यांच्या खोल्या झाल्या. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला, दोन रखवालदारांचा जीव गेला, मुखवटा वितळवला गेला. हस्तगत झालेल्या सोन्यातून घडवलेला नवा मुखवटा नोव्हेंबर २०२१ मध्ये देवळात आला. ही हकिकत ठाऊक असलेला माणूस 'सोनं सापडलं तर' हे वाक्य जरा दबकूनच उच्चारतो.

कायदा तर त्याहून जुना आहे. १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली की सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं: काय, किती, कुठे, कधी. वस्तू सरकारी तिजोरीत ठेवायची किंवा हजर करण्याचा जामीन द्यायचा. चौकशीत मालक निघाला नाही तर निधीचे तीन भाग सापडणाऱ्याचे, चौथा जमीनमालकाचा; सरकारला हवं असेल तर किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ते घेऊ शकतं. लपवलं तर वर्षापर्यंत कैद. दहा रुपये ही मर्यादा १८७८ ची आहे हे वाचून हसू येतं. पण हसण्यानं ती वाढत नाही. शिवाय १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांवरची नाणी, मूर्ती अशा वस्तू पुरावस्तू ठरतात, आणि १९५८ च्या कायद्यामुळे संरक्षित स्मारकाच्या जागेत परवान्याशिवाय खणता येत नाही. कुलाबा, जंजिरा, रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट, इथे यंत्र नेऊच नये. रेवदंडा-चौल तर फारच मोहात पाडणारं. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात सेमिल्ला म्हणून येणारं बंदर, पुढे १५२१ पासून १७४० पर्यंत पोर्तुगिजांचं ठाणं. तिथली माती थरांनी वाचायची असते. खड्ड्यातून उपटलेलं नाणं म्हणजे पोथीतून फाडलेलं पान. अक्षर राहतं, ओळ जाते.

आणि धातू म्हणजेच ठेवा हे तरी कुणी सांगितलं? दिवेआगरला सापडलेला शके ९८२ चा मराठी ताम्रपट यंत्राखाली तारेत गायला असता, हे मान्य. पण नागावच्या शेजारी, अक्षीत, शके ९३४ चा शिलालेख आहे, आद्य मराठी शिलालेखांत गणला जाणारा. तो दगड. वर्षानुवर्षं उघड्यावर होता, लोक शेजारून जात होते. त्याच्यावरून माझी थाळी शंभर वेळा फिरवली तरी ती हूं की चूं करणार नाही.

पोलिसांची गोष्ट वेगळी. १९९३ च्या सुरुवातीला दिघी आणि शेखाडीला जी स्फोटकं उतरवली गेली ती १२ मार्चला मुंबईत फुटली. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला वाहत आलेल्या 'लेडी हान' या बोटीत तीन एके-४७ निघाल्या तेव्हा अख्खा जिल्हा जागा राहिला. अशा किनाऱ्यावर तिन्हीसांजेला हेडफोन लावून वाळू उकरणारा इसम कुणालाही संशयास्पदच वाटणार, आणि वाटलाच पाहिजे. मी आधी पोलीस ठाण्यात आणि ग्रामपंचायतीत जाऊन तोंड दाखवून, यंत्र दाखवून आलो. हवालदारसाहेबांनी ते टेबलावरच्या पंचिंग मशीनवर वाजवून बघितलं. नळकांडं, गोळा, काडतूस असं काही दिसलं तर हात न लावता लांब व्हायचं आणि ११२ ला फोन करायचा, एवढं त्यांनी बजावलं. हरिहरेश्वरला मी यंत्र नेत नाही. तिथे लोक दिवसकार्याला येतात. पाण्यात टाकलेलं नाणं हरवलेलं नसतं, दिलेलं असतं.

हरवलेलं शोधायला मात्र एकदा बोलावणं आलं. गावातल्या एका कॉटेजमध्ये उतरलेल्या नवऱ्या मुलीची अंगठी गुडघाभर पाण्यात गळून पडली होती. गार पाण्यात बोटं आक्रसतात आणि अंगठ्या सुटतात, हे किनाऱ्यावर नेहमीचं. ओहोटीची वेळ काढली, सुतळ्या ताणून पट्टे आखले, मध्य सप्तकातला एक आवाज सोडला नाही. सोन्याची बारीक अंगठी आणि बाटलीचं बूच तिथे शेजारी-शेजारी राहतात. तीन ओहोट्या घालवल्या. बुचं एकोणीस निघाली. अंगठी नाही. ती पोरगी उलट मलाच म्हणाली, "काका, जाऊ द्या." वहीत त्या पानाचा कोपरा मी दुमडून ठेवलाय. दर उधाणाला एकदा तिकडून थाळी फिरवतो.

चार महिन्यांत जमलं ते एका पत्र्याच्या डब्यात मावतं. सत्तावीस रुपयांची चालू नाणी, एक बिनकाट्याचं घड्याळ, गळ, आणि शिसं. शिसं भरपूर. खाडीच्या तोंडाशी पाग टाकतात, त्या पागाच्या कडेला शिशाचे मणी ओवलेले असतात, ते तुटून वाळूत जातात आणि मध्य सप्तकात अगदी सोन्याच्या थाटात वाजतात. पहिल्या दिवसापासून माझा उद्योग न्याहाळणारे एक पागवाले आजोबा आहेत. त्यांनी सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, "शिसा गावला त मना दे."

गेल्या आठवड्यात डबा त्यांच्यापुढे पालथा केला. त्यांनी एकेक तुकडा तळहातावर झेलला आणि क्षणभरही न थांबता दोन ढीग करत गेले. एक करडा, गोल मणी मी वहीत खात्रीनं 'शिसं' म्हणून लिहिला होता. आवाज तोच, रंग तोच. त्यांनी तो झेलला, परत झेलला, आणि माझ्याकडे टाकला.

"यो नाय."

"कशावरून?"

"हलका हाय."

मी घरी येऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही मणी ठेवून बघितले, आणि मग वही काढून ओळ खोडली.